वेळेनुसार वीजदर आणि डिमांड रिस्पॉन्स: नव्याने सामील होणाऱ्यांसाठी

घरी स्मार्ट मीटर बसला आणि महिन्याभरातच मी वेळेनुसार बदलणारा वीजदर निवडला. दरपत्रकात सवलतीच्या तासांचा आकडा पाहिला, तो स्वस्त वाटला, फॉर्म भरून टाकला. पहिली तीन बिलं आधीपेक्षा जास्त आली, आणि वापर तर तेवढाच होता. पुढे डिमांड रिस्पॉन्स योजनेत नाव घातलं. तिथेही पहिल्या चार इव्हेंटमध्ये, म्हणजे वापर कमी करण्याच्या बोलावण्यांत, हाती जवळपास काही लागलं नाही. दोन्ही वेळा मुळात एकच चूक होती: आपल्या घरात कोणत्या तासाला किती वीज जाते हे मला ठाऊक नव्हतं. महिन्याचे युनिट माहीत होते, तासांचे नव्हते. ते कळल्यावर गाडी रुळावर आली. मी ज्या क्रमाने जायला हवं होतं, त्या क्रमाने हे लिहितो आहे.

या लेखात दोन शब्द सारखे येतील. वेळेनुसार दर म्हणजे दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना युनिटचा वेगवेगळा भाव. डिमांड रिस्पॉन्स म्हणजे ग्रिडवर, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांच्या जाळ्यावर, ताण असेल तेव्हा वापर थोडा वेळ कमी करण्याची तयारी दाखवणं आणि त्याचा मोबदला घेणं. पहिल्यात तुम्ही रोज सहभागी असता, दुसऱ्यात बोलावणं आलं की. दोन्ही एकत्र चालू शकतात, पण आधी पहिलं जमवा.

१. दर का बदलतो, ते आधी समजून घ्या

ही पायरी ओलांडून पुढे जावंसं वाटेल. जाऊ नका. कारण समजलं की पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

ग्रिडमध्ये जितकी वीज वापरली जाते, तितकी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. बॅटऱ्या आणि उंचावरचे जलाशय थोडीफार साठवण करतात, पण एकूण मागणीपुढे ती अजून लहान आहे. मागणी जास्त झाली की जनित्रं किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, घसरते. जगात बहुतेक ठिकाणी ती ५० हर्ट्‌झ असते, उत्तर अमेरिकेत ६०. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५९.४ हर्ट्‌झच्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. ती तशीच ९ मिनिटं राहिली असती, तर वीजकेंद्रं स्वतःच्या बचावासाठी आपोआप सुटू लागली असती आणि जवळजवळ सगळं राज्य अंधारात गेलं असतं. अर्ध्या हर्ट्‌झहून थोड्या जास्त फरकाने एवढं होऊ शकतं.

आता भावाचं. बाजारात आधी स्वस्त केंद्रांची वीज घेतली जाते, मग त्याहून महागाची, असं करत मागणी पुरी होईपर्यंत. शेवटी जे केंद्र लागतं, त्याचा भाव त्या वेळेपुरता सगळ्या बाजाराचा भाव ठरतो. त्यामुळे मागणी थोडीशीच वाढली तरी भाव एकदम उडी घेऊ शकतो. वर्षातल्या मोजक्या तासांसाठी उभी ठेवलेली केंद्रं, त्यांना लागणाऱ्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर, या सगळ्यांचा खर्च अखेर ग्राहकांवरच येतो. तुम्हाला वापर हलवण्याचे पैसे का मिळतात, याचं उत्तर त्या मोजक्या तासांत आहे.

इथे नवख्यांचा एक मोठा गैरसमज: रात्री वीज स्वस्त असते. एके काळी हे सरसकट खरं होतं. सौरऊर्जा वाढली तशी बऱ्याच ठिकाणी स्वस्ताई दुपारी आली आहे. सूर्य कलायला लागला की सौर उत्पादन घसरतं, त्याच वेळी लोक घरी येतात, आणि दोन-तीन तासांत ग्रिडला बाकीच्या केंद्रांकडून प्रचंड वीज उभी करावी लागते. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडचालकाने २०१३ मध्ये याचा आलेख काढला. तो बदकासारखा दिसतो म्हणून त्याला डक कर्व्ह हे नाव पडलं. तेव्हा आपल्या दरपत्रकातले सवलतीचे तास नीट वाचा. मी ते वाचले नव्हते आणि सगळं रात्रीवर ढकलत राहिलो. माझ्या योजनेत सवलत दुपारी होती.

२. समोर आलेली योजना नेमकी कोणत्या जातीची आहे ते ओळखा

नावं आकर्षक असतात, त्यावरून काही कळत नाही. मुळात चारच प्रकार आहेत.

पहिला, ठरलेल्या तासांचा दर. कोणते तास महाग आणि कोणते स्वस्त हे वर्षभरासाठी किंवा ऋतूसाठी आधीच जाहीर असतं. भारतातला टीओडी (टाइम ऑफ डे) दर याच जातीचा. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार सौर तासांचा, म्हणजे दिवसा सौर वीज भरपूर असते त्या तासांचा, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. गर्दीच्या तासांचा दर व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी नेहमीच्या किमान १.२ पट, इतरांसाठी किमान १.१ पट. नवख्याने सुरुवात करायची तर इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. चूक झाली तरी तिची किंमत मर्यादित राहते.

दुसरा, संकटाच्या दिवसांचा दर. वर्षातले बहुतेक दिवस स्वस्त आणि थोडे दिवस फार महाग. फ्रान्समधली टेंपो योजना याचा उत्तम नमुना आहे. वर्षाचे ३०० दिवस निळे (स्वस्त), ४३ पांढरे (मधले), २२ लाल (फार महाग). लाल दिवस फक्त नोव्हेंबर ते मार्च या काळात येतात, आणि उद्याचा रंग आदल्या दिवशी कळतो. ज्यांच्याकडे घर तापवण्याचं दुसरं साधन आहे त्यांना ही योजना मानवते. बाकीच्यांना ते २२ दिवस जड जातात.

तिसरा, बाजाराबरोबर तासागणिक किंवा त्याहून लवकर बदलणारा दर. स्पेनमध्ये छोट्या ग्राहकांच्या नियंत्रित दरात २०१४ पासून तासागणिक भाव आहे. उद्याचे भाव आज जाहीर होतात, म्हणून नियोजन करता येतं. या जातीत बचत सगळ्यात जास्त आणि धोकाही सगळ्यात जास्त. टेक्सासच्या त्याच वादळात घाऊक भाव कमाल मर्यादेला, म्हणजे युनिटला ९ डॉलरला, जाऊन चिकटला आणि दिवसेंदिवस तिथेच राहिला. एरवी तो काही सेंटमध्ये असतो. ज्या घरांना घाऊक भाव जसाच्या तसा लागत होता, त्यांना काही दिवसांचं बिल हजारो डॉलरचं आलं. त्याच वर्षी टेक्सासने घरगुती ग्राहकांना अशा योजना विकण्यावर कायद्याने बंदी घातली. या जातीच्या योजनेवर सही करायची असेल तर एकच प्रश्न आधी विचारा: युनिटच्या भावाला कमाल मर्यादा आहे का, आणि ती किती? लेखी उत्तर मिळालं नाही तर सही करू नका.

चौथा, सूट. दर तोच राहतो, पण सांगितलेल्या तासांत वापर कमी केला तर बिलात सूट मिळते. कमी केला नाही तर दंड नाही. डिमांड रिस्पॉन्सच्या घरगुती योजना बहुधा याच घाटाच्या असतात. दंड नाही म्हणून ही योजना निर्धोक वाटते आणि बऱ्याच अंशी तशी आहेही, पण तिची गोम बेसलाइनमध्ये, म्हणजे तुमचा नेहमीचा वापर किती धरला जातो त्यात, आहे. ती सातव्या पायरीत.

३. ही कागदपत्रं आणि साधनं आधी गोळा करा

फॉर्म भरायला बसल्यावर शोधाशोध केली की माणूस अंदाजाने आकडे टाकतो. आधीच जमवा:

• मागच्या १२ महिन्यांची बिलं. सहा पुरत नाहीत, कारण उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही दिसले पाहिजेत.
• ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांचं ओळखपत्र. जोडणी आजोबांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. अर्ज सर्वांत जास्त इथेच अडकतात.
• भाडेकरू असाल तर घरमालकाची लेखी संमती.
• मंजूर भाराचा आकडा. तो बिलावर किलोवॅटमध्ये छापलेला असतो.
• सध्याचं पूर्ण दरपत्रक. जाहिरातीचा कागद चालणार नाही. स्थिर आकार, मागणी आकार, वहन आकार, कर हे सगळे रकाने त्यात असले पाहिजेत.
• मोबदला जमा होण्यासाठी बँक खात्याचा तपशील, जर तो बिलातून वळता होत नसेल तर.
• मीटरची अर्ध्या किंवा पाव तासाची नोंद, निदान एका महिन्याची. वितरण कंपनीच्या अॅपवर किंवा ग्राहक पोर्टलवर ती उतरवता येते. नाही सापडली तर लेखी मागा.
• प्लगमध्ये लावायचा छोटा ऊर्जामापक. स्वस्त वस्तू आहे, आणि पुढच्या पायरीत तिच्यावाचून अडतं.

४. आपल्या घराचा तासांचा आलेख काढा

मीटरची नोंद स्प्रेडशीटमध्ये घ्या. प्रत्येक तासाची महिन्याची सरासरी काढा. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे ठेवा. मग २४ उभ्या पट्ट्यांचा साधा आलेख काढा आणि त्यावर दरपत्रकातले महाग तास एका रंगाने, स्वस्त तास दुसऱ्या रंगाने भरा. एवढंच काम आहे, पण त्या एका कागदावर जे दिसतं ते वर्षभराच्या बिलांतून दिसत नाही.

मला दिसलं ते असं: घरात कोणी नसतानाही, मध्यरात्रीही, पट्टी शून्याच्या जवळ जात नव्हती. फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स, एक जुनं स्टॅबिलायझर. हा झोपलेला भार चोवीस तास चालतो, म्हणजे महाग तासांतही चालतो. तो आधी कमी करा. कुठल्याही योजनेत, कुठल्याही दराने, त्याचा फायदाच होतो.

आता गणित. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही आपले घाला. सपाट दर, म्हणजे सगळ्या तासांना एकच भाव, १ मानू. वेळेनुसार दरात महाग तास १.३, स्वस्त तास ०.८, मधले तास १. महिन्याचे ३०० युनिट, त्यातले १०५ महाग तासांत, ७५ स्वस्त तासांत, १२० मधल्या तासांत. सपाट दराने बिल ३००. नव्या दराने १३६.५ अधिक ६० अधिक १२०, म्हणजे ३१६.५. काहीही न हलवता नुसती योजना बदलली तर बिल साडेपाच टक्क्यांनी वाढलं. माझ्या तीन बिलांचं रहस्य असंच होतं: स्वस्त तासांत मी काहीच नेलं नव्हतं.

आता २ किलोवॅटचा गीझर रोज पाऊण तास चालतो असं धरा. दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५. तो महाग तासांतून स्वस्त तासांत नेला की बिल ७८ अधिक ९६ अधिक १२०, म्हणजे २९४. दोन टक्के बचत. निराशा वाटेल, पण घराचं खरं चित्र असंच असतं. एक उपकरण हलवून चमत्कार होत नाही.

गाडी मात्र चित्र बदलते. घरी विजेवर चालणारी गाडी असेल आणि ती महिन्याला १५० युनिट घेत असेल, तर संध्याकाळी आल्याआल्या चार्जिंगला लावली की त्याचे १९५ होतात, स्वस्त तासांत लावली की १२०. फरक ७५, म्हणजे आधीच्या अख्ख्या बिलाचा चौथा हिस्सा. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: घरात गाडी, साठवणीचा गीझर, पाण्याचा पंप, मोठा एसी किंवा बॅटरी यांपैकी काहीच नसेल, तर वेळेनुसार दराकडे ऐच्छिक म्हणून जाण्याची घाई करू नका. तो सक्तीने लागू झालाच असेल, तर पुढची पायरी तुमच्यासाठी आहे.

५. काय हलवता येतं आणि काय हलवू नये

उपकरणं तीन गटांत टाका. थांबू शकणारी: गाडीचं चार्जिंग, गीझर, पंप, कपडे आणि भांडी धुण्याची यंत्रं, इन्व्हर्टरची बॅटरी. थोडी मागेपुढे होऊ शकणारी: एसी, हीटर, इस्त्री. न हलवण्याची: स्वयंपाक, दिवे, पंखे, आणि सर्वांत आधी आजारी माणसाचं कोणतंही उपकरण.

एसीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे युक्तीला वाव आहे. घराच्या भिंती, लादी, सामान यांत गारवा साठतो. महाग तास सुरू होण्याच्या तासभर आधी एसी दोन अंशांनी खाली आणून खोली गार करून घ्या आणि महाग तासांत तो दोन-तीन अंश वर ठेवा. खिडक्यांवर ऊन येत असेल तर पडदे ओढा. घर बंदिस्त आणि जाड भिंतींचं असेल तर दोन तास सहज निभतात. वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली, तासभरही निभत नाही. आपल्या घराचं उत्तर आपणच मोजून काढायचं: एका दिवशी थर्मामीटर ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी तापमान टिपा.

दोन धोक्याच्या सूचना. साठवणीच्या गीझरमधलं पाणी बचतीसाठी कायम कोमट ठेवू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लीजिओनेला जंतू वाढतात, म्हणून टाकीचं तापमान ६० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ द्या आणि फक्त तापवण्याची वेळ बदला. दुसरी, फ्रिज बंद करून युनिट वाचवायला जाऊ नका. त्यात मिळतं फार थोडं आणि बिघडतं ते अन्न.

आणि घरातल्यांशी आधी बोला. मी सगळी वेळापत्रकं एकट्याने बसवली होती. दुपारी आईच्या खोलीतला एसी आपोआप वर गेला आणि ती घामाघूम होऊन उठली. त्या दिवसापासून तिची खोली कोणत्याही वेळापत्रकात नाही. बचतीचा हिशेब करताना कोणाच्या जिवाला त्रास होतो आहे, हा रकाना पहिला असला पाहिजे.

६. काम यंत्रावर सोपवा, पण यंत्राचं घड्याळ तपासा

रोज आठवणीने बटण दाबणं पंधरवड्याहून जास्त टिकत नाही. चार्जरच्या अॅपमध्ये वेळ लावता येते, वॉशिंग मशीनमध्ये उशिरा सुरू करण्याची सोय असते, गीझर आणि पंपासाठी टाइमर मिळतो. टाइमर घेताना तो उपकरणाचा करंट पेलतो का ते बघा. २ किलोवॅटच्या गीझरला साधारण ९ अँपिअर लागतात, तेव्हा १६ अँपिअरचाच घ्या. पंपासाठी इलेक्ट्रिशियनला विचारून कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारा स्विच) बसवून घ्या, कारण मोटर सुरू होताना करंट कित्येक पट जातो.

साप्ताहिक चकती असलेला टाइमर मी वापरला. एकदा वीज तीन तास गेली आणि चकतीही तीन तास थांबली. वीज आल्यावर ती तिथूनच पुढे चालू लागली. तीन आठवडे माझा गीझर नेमका महाग तासांत तापत होता आणि मला बिल येईपर्यंत कळलं नाही. बॅटरीवर चालणारं घड्याळ आत असलेला टाइमर घ्या, नाहीतर वीज गेली की वेळ तपासायची सवय लावा.

दुसरा सापळा जास्त महाग पडतो. महाग तास रात्री दहाला संपतात म्हणून सगळी उपकरणं ठीक दहाला सुरू होतील अशी लावली, तर काय होईल? ७ किलोवॅटचा चार्जर, २ चा गीझर, दीडचा एसी, २ चं वॉशिंग मशीन: एकाच वेळी साडेबारा किलोवॅट. मंजूर भार १० असेल तर तुम्ही तो ओलांडला. बऱ्याच जोडण्यांना मागणी आकार असतो. महिन्यातल्या सर्वांत जास्त वापराच्या एका पाव किंवा अर्ध्या तासाची सरासरी धरून तो लावतात. बाकी महिनाभर कितीही जपून वागलात तरी त्या एका अर्ध्या तासाची किंमत पूर्ण महिना मोजावी लागते. शिवाय गल्लीतल्या सगळ्यांनीच दहाचा ठोका धरला तर ट्रान्सफॉर्मरवर नवा कळस तयार होतो. तेव्हा उपकरणं अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढेमागे लावा. गाडी रात्री दोनला सुरू झाली तरी सकाळी तयारच असते.

७. डिमांड रिस्पॉन्समध्ये नाव घालण्याआधी बेसलाइन समजून घ्या

न वापरलेल्या विजेचे पैसे कोण देईल, असं पहिल्यांदा वाटतं. बाजाराच्या दृष्टीने एक युनिट कमी मागणं आणि एक युनिट जास्त तयार करणं, दोन्हींनी तोल सारखाच साधतो. अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने २०११ मध्ये आदेश क्रमांक ७४५ काढून हे तत्त्व घाऊक बाजारात आणलं, आणि २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. घरगुती ग्राहक एकेकटा बाजारात जात नाही. हजारो घरांची छोटी छोटी कपात एकत्र बांधणारी मध्यस्थ संस्था असते, तिला अॅग्रीगेटर म्हणतात. काही ठिकाणी वितरण कंपनीच ते काम करते.

पण जे वापरलंच नाही ते मोजायचं कसं? म्हणून एक काल्पनिक रेषा काढतात: इव्हेंट नसता तर तुम्ही किती वापरलं असतं. हीच बेसलाइन. एक प्रचलित पद्धत अशी: इव्हेंटच्या आधीचे, ज्या दिवशी इव्हेंट नव्हता असे दहा कामाचे दिवस घ्या आणि त्याच तासांतल्या वापराची सरासरी काढा. समजा ती ३ किलोवॅट निघाली. इव्हेंटच्या दोन तासांत तुम्ही सरासरी १.२ किलोवॅट वापरले. फरक १.८, गुणिले दोन तास, म्हणजे ३.६ युनिटची कपात. पैसे या ३.६ चे.

यातून तीन गोष्टी निघतात आणि कोणताही माहितीपत्रक लिहिणारा त्या सांगत नाही.

एक. रोजच शहाण्यासारखं वागणाऱ्याची बेसलाइन आधीच खाली असते. मी वेळेनुसार दरासाठी सगळा भार हलवून बसलो होतो, त्यामुळे संध्याकाळच्या इव्हेंटमध्ये कमी करायला काही उरलंच नव्हतं. माझ्या पहिल्या चार इव्हेंटची ही कथा. यावर तोडगा नाही, फक्त निवड आहे: दोन योजनांतून मिळणारी रक्कम शेजारी शेजारी मांडा आणि मग ठरवा. माझ्या घराला रोजच्या भार हलवण्यातून जास्त मिळतं. ज्यांच्याकडे मोठा एसी आहे पण दर सपाट आहे, त्यांना उलट असू शकतं.

दोन. बऱ्याच योजना बेसलाइनला त्याच दिवसाची दुरुस्ती लावतात. इव्हेंटच्या आधीच्या काही तासांत तुमचा वापर नेहमीपेक्षा कमी असेल तर बेसलाइन खाली ओढतात, जास्त असेल तर वर. म्हणजे सूचना आल्या आल्या उत्साहाने दोन तास आधीपासून सगळं बंद केलंत, तर तुमचीच कपात कागदावर घटते. दुरुस्तीचे तास कोणते, हे करारात शोधा.

तीन. ती रेषा मुद्दाम फुगवायच्या फंदात पडू नका. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका कागद कारखान्याने बेसलाइन मोजण्याच्या काळात स्वतःचं जनित्र कमी चालवून ग्रिडमधून जास्त वीज घेतली आणि नंतर नेहमीसारखं जनित्र चालवून ‘कपात’ दाखवली. नियामक आयोगाने तपास करून त्याच्यावर जबर कारवाई केली. घरगुती पातळीवर निदान योजनेतून नाव तरी काढलं जातं. आणि खरं सांगायचं तर, संकटाच्या वेळी ग्रिडचालक त्या आकड्यावर विसंबून असतो. खोटा आकडा म्हणजे ऐन वेळी नसलेली वीज.

आता करारात हे शोधा: वर्षात जास्तीत जास्त किती इव्हेंट, एक किती तासांचा, सूचना किती आधी, ओळीने किती दिवस बोलावू शकतात, भाग न घेतल्यास दंड आहे का, उपकरण ते दुरून नियंत्रित करणार की तुम्ही स्वतः, आणि नियंत्रण त्यांच्याकडे असेल तर तुम्हाला मध्येच ते मोडता येतं का. शेवटचा मुद्दा मी कधीही सोडणार नाही. घरात ताप आलेलं मूल असताना एसीचा ताबा दुसऱ्याकडे असता कामा नये. मीटरची नोंद कोणाला दिली जाईल, तेही वाचा. पाव तासाच्या नोंदीवरून घरात माणसं कधी असतात आणि कधी नसतात हे सरळ कळतं.

८. पहिला इव्हेंट

सूचना आली की आधी वेळ लिहून ठेवा, सुरू आणि संपण्याची दोन्ही. मग ठरवलेलीच उपकरणं थांबवा, नवीन प्रयोग त्या दिवशी नकोत. इव्हेंट संपल्यावर सगळं एकदम सुरू करू नका, सहाव्या पायरीतला सापळा इथेही आहे.

अशा हाकेला किती बळ असतं ते ६ सप्टेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात दिसलं. उष्णतेच्या लाटेत मागणी ५२,०६१ मेगावॅटच्या विक्रमावर गेली, राखीव वीज संपत आली, आणि संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सरकारने लोकांच्या मोबाइलवर तातडीचा संदेश पाठवला. अर्ध्या तासाच्या आत मागणी सुमारे २,००० मेगावॅटने उतरली आणि भारनियमन टळलं. त्या संदेशात मोबदल्याचा शब्दही नव्हता. पण रोज असा संदेश पाठवून चालणार नाही, लोक थकतील. म्हणून तर टाइमर, थर्मोस्टॅट आणि ठरलेला मोबदला यांची व्यवस्था उभी करावी लागते.

९. बिल स्वतः तपासा

पहिले तीन महिने दर बिलाबरोबर मीटरची नोंद उतरवा आणि तासवार बेरीज स्वतः करा. तीन जागी चूक सापडते. मीटरचं घड्याळ पुढेमागे असणं: दहा मिनिटांच्या फरकाने गाडीच्या चार्जिंगचे सुरुवातीचे युनिट महाग तासांत पडू शकतात. सुट्टीचा दिवस कामाचा म्हणून धरला जाणं. आणि मीटरचा संपर्क तुटल्यावर त्या काळाचे युनिट अंदाजाने तासांत वाटले जाणं. माझ्या एका बिलात तिसरी चूक निघाली. तक्रार लेखी केली, सोबत स्प्रेडशीट जोडली, आणि दुरुस्ती पुढच्या बिलात झाली. फोनवर केलेल्या आधीच्या दोन तक्रारींचा मागमूसही कुठे नव्हता. तेव्हा तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय विषय संपला असं मानू नका.

डिमांड रिस्पॉन्सच्या मोबदल्याचं विवरणपत्र वेगळं मागा. त्यात प्रत्येक इव्हेंटची तारीख, बेसलाइन, प्रत्यक्ष वापर आणि कपात हे चार आकडे असले पाहिजेत. नुसती एकूण रक्कम छापलेली असेल तर ती पडताळताच येत नाही.

योजनेतून परत सपाट दरावर येण्याची मुदत सही करतानाच कॅलेंडरमध्ये टाका. काही योजनांत ती वर्षातून एकदाच येते. त्या तारखेच्या महिनाभर आधी बारा महिन्यांच्या नोंदीवर चौथ्या पायरीतलं गणित पुन्हा करा. घरात माणसं वाढली असतील, गाडी आली असेल, कोणी घरून काम करू लागलं असेल, तर आलेख बदललेला असेल, आणि मागच्या वर्षी बरोबर असलेली योजना या वर्षी तशी नसेल.

ज्यांच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, डायलिसिसचं यंत्र किंवा श्वासाचं कोणतंही उपकरण आहे, त्यांनी दुरून नियंत्रण असलेल्या योजनेत नाव घालू नये. वितरण कंपनीकडे वैद्यकीय गरजेच्या ग्राहकांची वेगळी नोंद ठेवली जाते का ते विचारावं, आणि डॉक्टरांचं पत्र जोडून ती नोंद आधी करून घ्यावी.